बाळ पाजले

बाराव्या दिवशीही दुपारचे दोन वाजले आणि वीजघरातलं ते रडणं सुरू झालं.

धाकटीने हातातला पाना खाली ठेवला आणि कमरेवर हात देऊन ती यंत्राकडे बघत राहिली. अशी ती आणखी एकाच ठिकाणी बघायची, आपल्या आठ महिन्यांच्या लेकीकडे. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, अंगात ताप नाही, मग बाई, आता काय बिनसलं? लेक निदान दोन्ही हात वर करून उचलून घ्या म्हणायची. हे धूड नुसतंच केकाटत होतं. बारीक, लांबलचक आवाज. कुठून येतोय म्हणून कान द्यावा, तर सगळीकडूनच आल्यासारखा. भिंतीवरच्या तबकडीतला काटा पन्नासवर उभा राहायचं सोडून एकोणपन्नास, साडेअठ्ठेचाळीस असा लटपटायला लागला आणि छताला टांगलेला दिवा डोळे मिचकावायला लागला. इथला दिवा मिचकावला, म्हणजे गावातल्या नव्वद घरांतले मिचकावणार, शाळेतला पंखा मंदावणार आणि दवाखान्यातली नर्स लसींच्या फ्रीजला हात लावून उभी राहणार.

वीजघर हे नाव मोठं, खोली पत्र्याची. वर डोंगरात ओढ्याला एक बुटका बांध घातलेला होता. तिथून पाणी पाटाने टाकीत यायचं, टाकीतून जाड पाइपाने उतारावरून धडाधडा खाली, आणि या खोलीत येऊन एका लोखंडी चाकावर आदळायचं. चाकाच्या फिरण्यावर पट्टा फिरायचा, पट्ट्यावर जनरेटर. एवढाच सगळा कारखाना. या यंत्राला रिकामं बसणं सोसत नसे, म्हणून गावाने वापरून उरलेली वीज कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात जाऊन पाणी तापवायची. त्या गरम पाण्यात धाकटी लेकीचे लंगोट उकळून काढायची. गावात एवढे पांढरे लंगोट दुसऱ्या कुणाचे नव्हते.

एकोणीस वर्षं हे यंत्र तिच्या सासऱ्यांनी सांभाळलं होतं. त्यांना सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. डोळे अधू झाले तेव्हापासून ते तबकडीचे आकडे नुसते विचारायचे आणि धाकटी ते वाचून वहीत लिहायची; हाताची कामं मात्र ते चाचपून स्वतःच करायचे. लेक झाल्यावरही तिने हे सोडलं नाही. घरात दिवसभर कुणी ना कुणी तिला काहीतरी सांगत असायचं. इथे फक्त काटा सांगायचा, आणि तो खरं सांगायचा. मग सतरा दिवसांपूर्वी, एका सोमवारी, मिस्त्री याच खोलीत जमिनीवर बसलेले सापडले. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. शहरातल्या दवाखान्यात पाच दिवस काढून ते घरी आले ते तीनचार शब्द घेऊन. वीजघराची चावी कुणाकडे द्यायची हे गावच्या वीज समितीला कळेना, तेव्हा समितीच्या अध्यक्ष असलेल्या शाळेच्या बाई म्हणाल्या, "आकडे जिला वाचता येतात तिच्याकडे राहू दे. पुढच्या शनिवारपर्यंत बघू."

पुढचा शनिवार म्हणजे परवा.

"वहिनी, आहात का?" गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा. "माझ्या गिरणीतून पीठ पडायचं बंद झालंय. रवा पडतोय. बायका म्हणतात, रवा दळायला पैसे वेगळे का."

"बघतेय, भाऊजी."

"पट्टा सैल असेल. आवळून बघा."

धाकटीने पट्ट्याकडे बघितलं. पट्टा तिने पहिल्याच दिवशी आवळला होता. नंतर शिक्षक म्हणाले म्हणून, मग नवरा फोनवरून म्हणाला म्हणून, काल वायरमन म्हणाला म्हणून. जो येई तो पट्टाच आवळायला सांगे, आणि पट्टा जितका आवळावा तितकं ते जास्त रडे. बाकी तिने काय करायचं ठेवलं होतं? टाकीच्या तोंडावरच्या जाळीतला पाला ती दिवसातून चारदा काढत होती. खोली तिने इतकी घासून पुसून ठेवली होती की मिस्त्रींना ओळखू आली नसती. चाक आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत हात घालून तिने तिथला वर्षानुवर्षांचा चिकटा काढला होता. तिथेच भिंतीला तारेचं एक रिकामं कडं होतं. त्यात तिने पुसायचं फडकं टांगलं होतं.

"तो वायरमन काय म्हणाला?" गिरणीवाल्याने विचारलं.

"तारा ठीक आहेत म्हणाला. यंत्र म्हातारं झालंय म्हणाला. तीन महिने बंद ठेवून त्याच्या ताब्यात द्या, म्हणजे तो खोलून बघेल."

"तीन महिने?" गिरणीवाल्याने भुवईवरचं पीठ पुसलं. "आणि चावी?"

"चावी त्याच्याकडे."

ती सहज बोलल्यासारखं बोलली, पण हात आपसूक कमरेच्या चावीकडे गेला. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तिच्या हातात अशी वस्तू दिली होती, जी हरवली तर सगळं गाव शोधायला निघालं असतं. आणि ही वस्तू आता परवा, तिला काहीच न कळल्यामुळे, तिच्या कमरेवरून उतरणार होती.

घरी गेल्यावर दुसरं कोडं वाट बघत होतंच.

मिस्त्रींची खाट खिडकीपाशी लावली होती. ती लेकीला काखेत घेऊन आत आली की ते डावा कोपर टेकून अर्धे उठायचे आणि तिच्याकडे नजर रोखून विचारायचे, "बाळ. पाज?"

"पाजलं, बाबा. आत्ताच पाजलं."

"नाही," ते म्हणायचे. "बाळ. पाज. पाज."

लेकीचं नाव अजून ठरलं नव्हतं. सासूबाईंना एक हवं होतं, नवऱ्याला दुसरं, म्हणून सगळे तिला बाळच म्हणत. सासूबाईंना आधी या आजोबांचं फार कौतुक वाटलं. "एवढं अंगावरून गेलं माणसाच्या, पण नातीचं खाणंपिणं विसरले नाहीत बघ." मग दिवसातून दहादा तेच व्हायला लागलं, तेव्हा त्या सुनेकडे तिरक्या नजरेने बघायला लागल्या. "तुझं दूध पुरतंय ना गं तिला? त्या यंत्राच्या नादात नाहीतर."

धाकटी लेकीला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सने वजन केलं, पुन्हा केलं, आणि म्हणाली, "हिला आणखी पाजलंस तर मला मोठा काटा मागवावा लागेल." तरी धाकटीच्या मनात किडा वळवळतच राहिला. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी दिसत असेल, जे काट्याला दिसत नाही. ती लेकीला खाटेजवळ बसून, पदराआड घेऊन पाजू लागली, त्यांना दिसावं म्हणून. मिस्त्री चिडून तोंड भिंतीकडे फिरवायचे.

मग त्यांनी फळीकडे बोट दाखवायला सुरुवात केली. फळीवर दुधाची बाटली होती. ती बाटली धाकटीला पहिल्याच दिवशी वीजघरातल्या बाकाखाली सापडली होती, तेलकट, काळीकुट्ट, धूळ खात पडलेली. लेकीची एक बाटली महिन्याभरापूर्वी तिथेच हरवली होती. हीच ती, असं म्हणून धाकटीने ती गरम पाण्याच्या पिंपात सोडा घालून तीन वेळा उकळली होती. आता ती इतकी लखलखीत होती की आरपार खिडकी दिसायची.

"बाटलीने पाजू म्हणता?" तिने विचारलं. तिने बाटलीत दूध भरलं, लेकीच्या तोंडाला लावली आणि त्यांच्याकडे बघितलं.

मिस्त्रींनी डाव्या मुठीने खाटेच्या कडेवर एवढ्या जोरात मारलं की लेक बाटली सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. "नाही. नाही. बाळ." त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा डोळा कोरडाच राहिला.

धाकटी स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक पातेलं घासत उभी राहिली. तिकडे यंत्र रडतंय, इकडे सासरे, आणि आपण दोघांनाही विचारतोय, काय हवंय तुम्हाला. कुणी का रडतं ते आईला कळतं म्हणतात, आणि आपल्याला एकाचंही कळू नये.

शुक्रवारी दुपारी तिने शेवटचा उपाय काढला. वीजघराच्या माळ्यावर जुन्या वह्या होत्या, ती यायच्या आधीच्या, मिस्त्रींच्या हातच्या. हे रडणं पूर्वी कधी झालं असेल तर त्यावर काय केलं, ते लिहिलेलं असेल. लेकीला पिंपाच्या उबेला पोत्यावर निजवून ती शिडीवर चढली आणि धुळीने शिंका देत वह्या घेऊन खाली आली. मिस्त्रींचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पाणी अमुक बोटं. काटा पन्नास. जाळी साफ केली. आणि मग, दर सोमवारी, एक ओळ.

सोमवार. बाळ पाजले.

धाकटीला हसू आलं. बाबा इथेही. मग तिने वहीच्या पहिल्या पानावरचं साल बघितलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. सात वर्षं जुनी वही. तिने दुसरी उघडली. नऊ वर्षं. तिसरी, अकरा वर्षं. सोमवार, बाळ पाजले. सोमवार, बाळ पाजले. एका सोमवारी, बाळ कुरकुरत होते, दोनदा पाजले. तिने बोटांवर मोजलं. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा सोळा वर्षांचा होता, थोरला दीर एकोणीसचा. घरात तान्हं कुणी नव्हतं. मग हे बाळ कुणाचं?

नको ते मनात आलं. आलंच. तिने वही मिटली, परत उघडली, परत मिटली. मग लेकीला उचलून, वही पदराखाली धरून ती घरी निघाली. सासूबाईंना दाखवायची नाही, असं तिने वाटेत पक्कं ठरवलं. सासूबाईंनी दारातच ओळखलं.

"काय गं, पदराखाली काय लपवतेस?"

"वही आहे, आई."

"वही लपवायची असते?" त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. मग त्या हळूच ओट्याला टेकून बसल्या. "हे त्यांचं अक्षर."

"हो."

"दर सोमवारी."

"हो, आई."

"सोमवारी दुपारी ते मला सांगून जायचे, आज उशीर होईल म्हणून." सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला, जणू काचेचीच चूक असावी. मग त्या उठल्या आणि तरातरा खाटेपाशी गेल्या. धाकटी मागे धावली. आजारी माणसाशी भांडू नका म्हणायला तिने तोंड उघडलं, तोवर सासूबाईंनी सुरुवात केली होती.

"अकरा वर्षं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वही मिस्त्रींच्या नाकासमोर धरली. "कोणाचं बाळ पाजत होतात तुम्ही?"

मिस्त्रींनी वही बघितली. मग बायकोचं तोंड बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलायला लागली. धाकटीला वाटलं, पुन्हा झटका आला. पण ते हसत होते. अर्ध्या तोंडाने, आवाज न करता, खाट हलेपर्यंत हसत होते. मग त्यांनी डावा हात उचलून आधी फळीवरच्या बाटलीकडे दाखवलं, आणि मग खिडकीबाहेर, ओढ्याकडे.

"बाळ," ते म्हणाले. "तिकडे."

"तिकडे वीजघरात?" धाकटीने विचारलं.

त्यांनी मान हलवली. घरी आल्यापासून पहिल्यांदा 'नाही' म्हटलं नाही.

धाकटी बाटलीकडे बघत राहिली. बाकाखाली सापडलेली. तेलकट. दुधाला कुठे एवढं तेल असतं? तिने हे त्या दिवशी का विचारलं नाही, हे तिचं तिलाच कळेना. घाण दिसली आणि तिने धुतली. गेले आठ महिने ती दुसरं काय करत होती?

शनिवारी सकाळी गिरणीवाल्याने पोती वाहायची हातगाडी आणली. तिच्यावर गादी घालून मिस्त्रींना बसवलं. "पोतं नेता तसं नेऊ नका," सासूबाई म्हणाल्या, "माणूस आहे." गिरणीवाला म्हणाला, "काकू, पोत्याला मी एवढा जपत नाही." वीजघरापर्यंत पोचेतो मिस्त्री त्याच्याच रंगाचे झाले होते.

धाकटीने पाइपाचं दार फिरवून पाणी बंद केलं. चाक हळूहळू थांबलं. खोली इतकी शांत झाली की ओढा खोलीत आल्यासारखा वाटला. मिस्त्रींना चाकापाशी टेकवून बसवलं. त्यांनी डावा हात चाक आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत घातला, चाचपला, तारेच्या कड्यातलं फडकं ओढून बाहेर फेकलं आणि कड्याच्या खालच्या एका लहानशा लोखंडी गोळ्यावर तळहात ठेवला. चटका बसल्यासारखा लगेच उचलला. मग पुन्हा अलगद ठेवला, जसा तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.

"बाळ," ते म्हणाले.

चाकाचा आस भिंतीकडच्या बाजूला ज्यावर फिरायचा, ते हे छोटं बेअरिंग होतं. पुढचं मोठं बेअरिंग सगळ्यांना दिसायचं आणि त्याला डबाभर ग्रीस पुरायचं. याच्या डोक्यावर एक पितळी वाटी होती, आणि वाटीला भोक. धाकटीने ती वाटी रोज पुसून कोरडी केली होती.

"अरेच्चा," गिरणीवाला म्हणाला. "हे तेव्हाचं. जुनं मोडलं म्हणून मिस्त्रींनी शहरातून हे आणलं होतं, मापाने लहान निघालं. थेंब थेंब तेल हवं म्हणून दुकानातून दुधाची बाटली घेऊन आले होते. मीच होतो तिथे."

सासूबाईंनी घरून आणलेली बाटली पिशवीतून काढली. मग म्हणाल्या, "तरीच त्या वर्षी दुकानदार मला सारखा विचारायचा, तब्येत कशी आहे, जपून राहा. मी म्हणायची, माणूस किती चांगला."

धाकटी जमिनीवर बसली होती. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट सावकाश जागेवर येत होती आणि एकही तिला आवडत नव्हती. मिस्त्रींनी बाटली भरायला काढली, तेव्हाच ते कोसळले. बाटली बाकाखाली गेली. ती तिने उचलली, घरी नेली, उकळली. मग कड्यात फडकं टांगलं. बेअरिंगच्या पोटात होतं नव्हतं तेवढ्या तेलावर त्याने कसेबसे दिवस काढले. दुपारी गिरणी सुरू झाली की ते तापायचं आणि रडायचं. ते रडलं की ती पट्टा आवळायची, म्हणजे त्याच्या मानेवर आणखी ओझं. आणि घरी एक माणूस दिवसातून दहादा विचारत होता, पाजलं का, आणि ती दहादा हो म्हणत होती.

तिने बाटलीत तेल भरलं. थोडं पायावर सांडलं. मिस्त्रींनी डाव्या हाताने बूच पिळून दाखवलं, किती घट्ट करायचं ते. बाटली उलटी करून कड्यात बसली, जणू कडं तिच्यासाठीच होतं, आणि होतंच. एक थेंब वाटीत पडला. थांबून दुसरा. तिने पट्टा दोन बोटं सैल केला आणि पाणी सोडलं.

अकरा वाजता समिती शाळेत बसणार होती, ती सगळी वीजघरातच आली, कारण मिस्त्री हातगाडीतून गेल्याचं एव्हाना गावभर झालं होतं. वायरमन पुढे होता. गिरणी मुद्दाम सुरू करून ठेवली होती. काटा पन्नासवर होता. खोलीत फक्त पाण्याचा आणि पट्ट्याचा आवाज.

"काय झालं होतं?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

पट्टा, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी तेच तर म्हटलं होतं. गिरणीवाल्याने तिच्याकडे बघून भुवई उचललीसुद्धा.

"बेअरिंगला तेल मिळत नव्हतं," धाकटी म्हणाली. "तेलाची बाटली मीच काढून नेली होती. मला वाटलं, हिची आहे." तिने काखेतल्या लेकीला जरा वर सरकवलं. "मी ती उकळली."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. वायरमन म्हणाला, "म्हणजे बिघाड हिनेच केला. मी सांगत होतो ना, अशा माणसाच्या हातात—"

"तुम्ही बुधवारी इथे दोन तास होतात," बाई म्हणाल्या. "ते कडं तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं की. फडकं टांगायचं होतं ते."

बाईंनी चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. "यंत्र बंद ठेवायचं कारण आता उरलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "चावी राहू दे तुझ्याकडे. पण तुझ्यानंतर जो येईल त्याला घोळात पाडू नकोस. इथल्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि काम वहीत लिहून ठेव. माणसाला कळेल असं."

मंडळी पांगली. वायरमन जाताना तेवढं कडं हाताने हलवून बघून गेला. धाकटी बाकावर बसली, लेक मांडीवर, वही लेकीच्या पाठीवर. तिने तारीख घातली आणि लिहायला लागली. जाळी. टाकी. पाइपाचं दार. मोठं बेअरिंग. मग, चाकामागचं छोटं बेअरिंग.

मिस्त्रींनी मुठीने बाकावर मारलं. "नाही."

"बाबा, बाईंनी कळेल असं लिहायला सांगितलंय."

"नाही."

तिने ओळ खोडली आणि 'बाळ' लिहिलं. मग कंसात, चाकामागचं छोटं बेअरिंग. मग त्याखाली, शनिवार. बाळ पाजले. वही तिने त्यांच्यापुढे धरली. त्यांना अक्षर दिसत नव्हतं, पण ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. तेवढ्यात मांडीवरची लेक चुळबुळली आणि तिने आपला तो बारीक, लांबलचक सूर लावला. धाकटीचे डोळे आधी काट्याकडे गेले.

"पाज," मिस्त्री म्हणाले.

"कुठल्या बाळाला, बाबा?"

त्यांनी चाकामागे बघितलं. मग नातीकडे. मग परत चाकामागे. डावी भुवई हळूहळू वर गेली आणि तिथेच राहिली.